धनमायची फांदी

“अगं, थंडी वाजत होती त्यांना,” आमचे मालक म्हणाले. अंगावर कांबळं, डोक्याला मफलर, हातात बंबावरचा तांब्या आणि तोंडावर मोठं पुण्य केल्याचा आनंद. “म्हटलं, आपण कढत पाण्यानं अंघोळी करायच्या आणि ही बिचारी रात्रंदिवस गार पाण्यात पाय सोडून उभी. म्हणून घातलं थोडं थोडं.”

मी दुधाची चरवी घेऊन दारातच थांबले. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेचे पाच ग्लास होते. पाचांतूनही वाफ निघत होती.

“थोडं थोडं म्हणजे किती?”

“काठोकाठ.”

मी चरवी खाली ठेवली. आपटली, असं मालक पुढं जन्मभर सांगत राहिले. पण चरवीला पोचा आधीचाच होता. ग्लासात बोट घातलं आणि चटका बसून बाहेर काढलं.

“अहो, त्या फांद्या आहेत! बटाटे नव्हेत उकडायला!”

“मग काढू का पाणी?”

“आता राहू द्या. मीठ घाला वरून, म्हणजे सार तरी होईल.”

दुपारपर्यंत पानं लोंबली. संध्याकाळपर्यंत देठ मऊ पडले, हात लावला की पान हातात येई. पाचही ग्लासांतलं पाणी चहासारखं झालं आणि मी पाटावर बसून राहिले. मालक दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी नुसतं वर पाहिलं, तर तिथूनच मागं फिरले.

पाच फांद्यांसाठी ही बाई एवढं का करते, असं वाटत असेल तर आधी धनमायची ओळख करून देते.

धनमाय म्हणजे आमचं कोलियसचं झाड. कोलियसच्या फुलाला कुणी हुंगत नाही, सगळी मिजास पानांची. आमच्या झाडाचं पान पिकल्या जांभळाच्या रंगाचं आणि कडेनं इरकलीला असते तशी बारीक पोपटी किनार. महाबळेश्वरला आमची खाणावळ होती, चार टेबलांची, तळ्याकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. जेवायला आलेली पुण्यामुंबईची माणसं आमच्या पिठल्याचं नाव काढायची आणि जाताना दाराजवळच्या त्या कुंडीपाशी थबकायची. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, तरुणपणी एका पारशी बाईंच्या बंगल्यात कामाला होत्या. त्या शेठाणीचं नाव धनमाय. झाड तिथून आलेलं, म्हणून झाडाचं नावही तेच. शेठाणी गेली, बंगला पाडून तिथं हॉटेल झालं, बाग गेली. झाड राहिलं ते आमच्या दारात.

राहिलं म्हणजे दर हिवाळ्यात राखलं. आमच्याकडं मार्गशीर्षात पहाटे उठून बघावं तर तळ्याच्या बाजूचं गवत दव गोठून मीठ पसरल्यासारखं पांढरं. ते मीठ धनमायवर पडलं की दुपारी झाड काळं, चहाच्या चोथ्यासारखं. म्हणून तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी कात्री घ्यायची. चांगल्या जून नाही नि कोवळ्या नाही अशा वीतभर फांद्या, पान फुटतं त्या डोळ्याच्या जरा खाली कापायच्या. खालची पानं काढायची, वरची चार ठेवायची. पान पाण्यात बुडालं की कुजलंच. काचेच्या ग्लासात घालून पूर्वेच्या खिडकीत ठेवायच्या, पाणी शिळं झालं की बदलायचं, आणि तेही रात्रभर घरात ठेवलेलं, नळाचं बर्फासारखं नाही. उजेडाकडं झुकतात म्हणून रोज ग्लास जरासा फिरवायचा. मुळं शेवयांसारखी पांढरी सुटतात. सुटली तरी मातीत घाई करायची नाही. गारठ्यात माती वाळत नाही आणि मूळ सडतं. थंडी सरेपर्यंत पाण्यातच. असं आत्तींनी आयुष्यभर केलं, आणि मला कधी ग्लासाला बोट लावू दिलं नाही.

त्या वर्षी आत्तींचे गुडघे फार धरले. थंडीपुरतं वाईला लेकीकडं जायचं ठरलं, खाली घाटाखाली ऊब असते. निघताना फांद्या स्वतःच्या हातानं कापून ग्लासात घातल्या आणि मला समोर उभं केलं.

“हौसा, आत्तापतोर धनमायचा हिवाळा म्याच काढला. औंदा तू काढ. रथसप्तमीला येते. खिडकीत ती दिसली तर कोठीच्या किल्ल्या तुज्या. न्हाई दिसली तर मी हाय तवर मागायच्या न्हाईत.”

असं म्हणून हिवाळ्याचं तूपसाखर मापून बाहेर काढलं, कोठीला कुलूप घातलं आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून एसटीत बसल्या. वाईला घेऊन गेल्या किल्ल्या! माझी चाळिशी उलटलेली, थोरलीला स्थळं यायला लागलेली, पन्नास पानं मी एका हातानं वाढायची. आणि शिऱ्याला चमचाभर तूप जास्त हवं तर सासूपुढं हात पसरायची. त्या किल्ल्यांचा आवाज मला झोपेत ऐकू यायचा. देवळातली घंटा नाही यायची, तो यायचा.

आणि आता दारातलं झाड गारठ्यानं काळं पडलेलं नि खिडकीत पाच ग्लास चहा.

“मी वाईला जाऊन आईच्या पाया पडतो,” मालक म्हणाले. “सांगतो, चूक माझी.”

“त्या म्हणतील, नवरा सांभाळता येत नाही, ती कोठी काय सांभाळणार.”

त्या असंच म्हणणार हे त्यांनाही माहीत होतं, आई त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले ते पाठीमागं हात लपवून. “डोळे मीट,” म्हणाले. मी मिटले नाहीत. त्यांनी पुढं केली ती लालभडक देठाची जुडी. “बघ! तोच रंग! कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“ह्याला लाल माठ म्हणतात.”

“असं?”

“रात्री भाजी करते. पोटभर खा.”

खाल्लीही. वर म्हणाले, छान झाली.

आता खरी गोष्ट अशी की धनमाय आणखी एका घरात होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही त्या घराचं नाव काढत नव्हतो. कुंपणापलीकडं मालन राहायची. लग्न होऊन आम्ही दोघी एकाच सालात ह्या गल्लीत आलो, एका नळावर पाणी भरलं, माझी धाकटी झाली तेव्हा माझ्या घरचा डबा तिनं केला. मग चार वर्षांमागं एका सकाळी मी अंगणात येते तर धनमायची एक फांदी मोडलेली. नीट, डोळ्याच्या खाली. म्हशीनं खाल्ली म्हणावं तर म्हैस असं कापत नाही. आणि महिन्याभरात मालनच्या खिडकीत जांभळं पान, पोपटी किनार!

मी काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. गल्लीत उभी राहिले आणि तिच्या माहेरापासून सुरुवात केली. चोरटी म्हटलं, आणखीही म्हटलं. मालन खिडकीत आली, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “झालं का? आता पाणी पी.” खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून बोलणं बंद. म्हणजे सरळ बोलणं बंद. कोंबड्यांमार्फत चालू होतं. मी माझ्या कोंबडीला म्हणायची, “कवडे, दुसऱ्याच्या दारात उकरू नकोस, लोकांची सवय लागेल तुला.” ती पलीकडून तिच्या कोंबडीला म्हणायची, “टिपके, एकच अंडं घातलंस ना? मग गाव कशाला गोळा करतेस?” अशी चार वर्षं. कोंबड्या बदलल्या, नावं तीच ठेवली, भांडणाची सोय म्हणून.

“तिच्याकडं मागितली तर देईल ती,” मालक शेवटी म्हणाले.

“मागायची? मी? त्या चोरटीकडं? आपलंच झाड?”

“मग मी मागतो.”

“मागून आणलीत तर तुम्ही आणि ती फांदी, दोघं अंगणात राहा. त्या मिठात.”

शिवाय, मागितलेलं झाड लागत नाही हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. चोरून आणलेलंच लागतं. म्हणजे वाट एकच उरली. मी चोरायची. तिनं माझं चोरलं, मी माझंच परत चोरणार, ह्यात चोरी कसली? हिशेब अगदी चोख बसला आणि मला भूक लागली.

संक्रांतीला मालनच्या लेकीनं रिवाजाप्रमाणं आळीभर हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. आमच्या दाराशी येऊन पोर दर वर्षी घाईघाईनं म्हणायची, “काकू-हळदीकुंकवाला-या,” आणि उत्तर ऐकायच्या आत पळायची. त्या वर्षी मी म्हटलं, “येते हो.” पोर पळता पळता ठेचकाळली.

मी काळी चंद्रकळा नेसले, नथ घातली. पदर मुद्दाम कमरेला जाड गुंडाळून खोचला, आत एक ओला रुमाल. घरच्या वाती कापायची कात्री घेऊ की नको, असं चाललं होतं. मालक म्हणाले, “लढाईला निघालीस का?”

“तुम्ही बंबापाशी जाऊ नका,” मी म्हटलं आणि निघाले. कात्री ठेवली. हळदीकुंकवाला कात्री घेऊन जाणं बरं दिसत नाही, नखानं खुडीन म्हटलं.

मुद्दाम उशिरा गेले, बायकांची गर्दी ओसरल्यावर. दोघीजणी चपला घालत होत्या. मला उंबऱ्यात बघून एकीनं दुसरीची चप्पल घातली आणि तशीच गेली.

“ये की,” मालन म्हणाली. जशी काही मी कालच येऊन गेले.

“आले.”

“बस.”

“बसते.”

बसले. तिची बाहेरची खोली लहान, वर शेजारच्या हॉटेलचा सज्जा आलेला, त्यामुळं दिवसाही अंधारीच. टेबलावर कोयरी, अत्तरदाणी, आणि ताटलीत तिळाच्या वड्या रचलेल्या, वर खोबऱ्याचा कीस. वड्या जाड पडल्या होत्या. पाक पुढं गेला होता तिचा, मला लांबूनच कळलं. आणि खिडकीत, माझ्या उजव्या हाताला, हात लांबवला की पोचेल अशी, धनमाय. एक ऐसपैस कुंडी. चांगली फुटलेली. मला राग यावा तर आला तो तिच्या तब्येतीचा.

मालननं हळदकुंकू लावलं, हाताला अत्तर लावलं. दोघींनाही पुढं काय बोलावं ते सुचेना. मध्ये कोंबडी नव्हती.

“थंडी फार आहे औंदा,” ती म्हणाली.

“आहे.”

“आत्ती वाईला?”

“रथसप्तमीला येणार.”

“हं,” मालन म्हणाली. माझ्याकडं पाहिलं, आमच्या घराकडं पाहिलं. तिच्या मोरीच्या खिडकीतून आमची स्वयंपाकघराची खिडकी दिसते, ती किती स्वच्छ दिसते ते मला तेव्हा सुचलं नाही. मग एकदम उठली. “थांब हां, तुला तिळगूळ आणते आतून.”

गेली आत. आणि काय सांगू, आत जी भांड्यांची आदळआपट सुरू झाली! हा डबा उघड, तो डबा लाव, त्यात वर ओवी गुणगुणतेय. एका तिळगुळासाठी एवढे डबे! मनात म्हटलं, किती गं बाई गचाळ, स्वतःच्या घरात वस्तू सापडत नाही. आणि देव पाठीशी होता बघा, खिडकीच्या फळीवर, कुंडीला लागूनच, कात्री पडलेली. मी उठले. वरची चार पानं, खालचा डोळा बघून जागा धरली आणि कापली. ओल्या रुमालात गुंडाळली, कमरेत खोचली, कात्री होती तशी ठेवली आणि खुर्चीत येऊन देवीसारखी बसले.

आत मालन दोनदा खोकली आणि बाहेर आली. माझ्या हातावर वडी ठेवली. “तिळगूळ घे, गोड बोल. जमेल तेवढं.”

“तूही घे. जमेल तेवढं.”

मला आता उठायचं होतं. पण तिनं चहा टाकला. कमरेत फांदी गुदमरतेय आणि ही आलं किसतेय. चहा उकळला, गाळला, बशी शोधली. मी कमरेवर हात ठेवून बसलेली.

“पोटात दुखतंय का गं?”

“कमरेत. उसण.”

“जपून बस. मोडेल बिडेल काही.”

तिचं तोंड अगदी सरळ होतं. मी चहा ओतला घशात, जीभ भाजली. निघताना तिनं वाण दिलं. बाकीच्या बायकांना तिनं स्टीलचे चमचे दिले होते, जाणाऱ्या दोघींच्या हातात मी पाहिले होते. माझ्या हातात तिनं काचेची बरणी ठेवली, वीतभर उंच, तोंडाला अरुंद.

“तुला चमचे कशाला, खाणावळवाली तू. बरणी घे. पाणी बिणी ठेवायला होते.”

मी म्हटलं, बघा, वाणातसुद्धा टोमणा. माझ्या घरात काय पाणी ठेवायला भांडं नाही? पण वाण परत करता येत नाही. घेतली.

घरी येऊन फांदी त्याच बरणीत घातली, कारण ग्लासांना हात लावायची इच्छा नव्हती. बरणीचं तोंड अगदी मापाचं, फांदी सरळ उभी राहिली. मालकांना सांगितलं, ह्या खिडकीच्या चार हात आत यायचं नाही. चहा हवा तर बाहेरून हाक मारा. दिवसा खिडकीत, संध्याकाळी गारठा सुटला की चुलीपासून लांब, पण ऊब लागेल अशी फळीवर. वरून मोठं पातेलं पालथं. आधी एक पान गळलं. मी त्या दिवशी गिऱ्हाइकाला आमटी दोनदा वाढली आणि भात दिलाच नाही. दुसरं पान हललं, पण राहिलं. त्या वर्षी रथसप्तमी लांबली होती, तेवढं एक बरं. एका सकाळी बरणी फिरवताना डोळ्यापाशी पांढरा ठिपका दिसला. मला वाटलं बुरशी. दुसऱ्या दिवशी ठिपक्याची शेवई झाली.

मी मालकांना हाक मारली. ते दारातच थांबले, चार हातांवर.

“या आत,” मी म्हटलं. “हात मागं बांधून या.”

ते खरंच हात मागं बांधून आले आणि वाकून बघत राहिले. “जगली गं,” म्हणाले. मग हळूच, “थंडी नाही ना वाजत तिला?”

रथसप्तमीला आत्ती आल्या. एसटीतून उतरल्या, पायावर पाणी घेतलं, देवालासुद्धा हात न जोडता सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. किल्ल्या कमरेला वाजत होत्या. मी मागं उभी. मालक अंगणात, दिसतील पण सापडणार नाहीत असे.

“एकच?” आत्ती म्हणाल्या.

“थंडी फार औंदा. पण काढली की नाही धनमाय?”

आत्तींनी बरणी उचलली, उजेडाकडं धरली, फिरवली.

“ही आपल्या खिडकीतली न्हवं.”

“अगं बाई! मग कुठली?”

“हौसा, आपल्या खिडकीत सकाळचं ऊन येतं. पान कसं काळंजांभळं व्हतं. ही वरची दोन नवी पानं बघ, तशी हायेत. खालची तीन बघ. फिकी, आन किनार ही एवढी रुंद. सावलीत वाढलेली हायेत.” बरणी खाली ठेवली. “सज्जाखालची खिडकी हाय ही. मालनची.”

मी हुशार, पण शेवटी त्यांनी घडवलेली. खोटं बोलायचं तर तयारी लागते, ती नव्हती. सगळं सांगितलं. बंबाचं पाणी सांगितलं, अंगणातून मालक दिसेनासे झाले. माठ सांगितला. चोरी सांगितली, आणि मान खाली घातली नाही.

“खिडकीत दिसली पाहिजे, एवढंच म्हणाला होतात. कुठून आणायची, ते कुठं सांगितलं होतं?”

आत्ती पाटावर बसल्या. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. बघते तर हसत होत्या, दात नव्हते म्हणून आवाज येत नव्हता.

“चोरलीस म्हण की.”

“तुम्हाला शेठाणीनं हातात दिली होती, मला कोण देणार?”

“कोण म्हणतं दिली? म्या बी चोरलीच. रोज झाडताना त्या झाडापाशी माजा केर लांबायचा. ती बघायची. एक दिस काय केलं तिनं, मला तिथंच झाडायला सांगून पियानोवर जाऊन बसली. माज्याकडं पाठ करून. टिंग, टिंग, टिंग. एकच बटण बडवत बसली घटकाभर. पियानो नवऱ्याचा, तिला कुटं येत हुता वाजवाया! म्या मोडली फांदी, ओच्यात घातली. तवा कुटं तिचं वाजवणं थांबलं.”

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

“मागितली तर मागणाऱ्याची मान खाली जाती, हातानं दिली तर देणाऱ्याची ताठ व्हती. झाडाला दोनी सोसत न्हाई. म्हून पाठ फिरवायची. आन फिरवली हे कुनाला सांगायचं न्हाई.” मग माझ्याकडं रोखून पाहिलं. “मालन कुटं हुती तू कापलीस तवा?”

“आत गेली होती. तिळगूळ आणायला.”

“आन तिळगूळ कुटं हुता?”

“आत,” म्हणता म्हणता मला ती दिसली. ताटली. टेबलावर. खोबऱ्याचा कीस. पाक पुढं गेलेला. मी बसले तेव्हापासून माझ्या नाकासमोर होती ती ताटली. आतून बाहेर आली तेव्हा मालनच्या हातात काहीच नव्हतं, मला वडी दिली ती त्याच ताटलीतली. आणि ती कात्री. आणि तो खोकला. आणि ती बरणी, फांदीच्या मापाची.

“जपून बस म्हणाली मला,” मी म्हटलं. “मोडेल बिडेल म्हणाली!”

“लई गुणाची हाय,” आत्ती म्हणाल्या. “चार वर्सांमागं तिला बी माज्याच पाठीनं मिळाली फांदी. म्या अंगणात दुसरीकडं तोंड करून डाळ पाखडत बसले हुते. झाड एकाच घरात ठिऊ ने, म्हून.”

“आणि मी गल्लीत एवढी भांडले तेव्हा?”

“सांगायचं नसतं म्हटलं न्हवं का? तिनं बी न्हाई सांगितलं.” आत्तींनी पाय लांब केले. “आन तू भांडत बी झ्याक हुतीस. मधी कशाला पडू?”

तेव्हा चूक म्हणाल तर ती आत्तींची. मी आजही तेच म्हणते.

त्यांनी कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्याकडं न बघता पाटावर ठेवला. मग माझ्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, “गुडघे चोळते जरा.”

मी किल्ल्या उचलल्या. वाजू न देता उचलायच्या म्हणून फार प्रयत्न केला, पण वाजल्याच. आत्ती भिंतीकडं बघून गुडघे चोळत राहिल्या.

संध्याकाळी मी अंगणात गेले. कुंपणापाशी माझा गुलकंदाचा गुलाब आहे, गावठी, गुलाबी, एका फुलानं खोली भरेल असा. मालन दर साली पलीकडून त्याचा वास घ्यायची आणि मी बघतेय म्हटलं की शिंकल्याचं सोंग करायची. फांद्या लावायचे दिवस होते. मी कात्री आणली, कुंपणाच्या दगडावर ठेवली, आणि पलीकडं पाठ करून उभी राहिले. कमरेला किल्ल्या होत्या, त्या जरा वाजवल्या, कोण आहे ते कळावं म्हणून. कवडी पायाशी दाणे टिपत होती.

“कवडे,” मी मोठ्यानं म्हटलं, “आज बाई माझी मान आखडली आहे. मागं बघताच येत नाही. कुणी काय नेलं तरी मला कळायचं नाही.”

मालनच्या घरी भांडं वाजलं, थांबलं. पावलं आली. कुंपणापाशी थांबली. मी समोर आमच्या भिंतीकडं बघत राहिले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, एक खिळा होता.

कट्.

मग मालनचा आवाज आला, तिच्या कोंबडीशी बोलताना.

“टिपके, ही जरा बारीकच निघाली गं.”

मी खिळ्याकडं बघत कवडीला सांगितलं, “मान अजून सुटलेली नाही हो.”

कट्.